शिकाऊ पोरांचा उरलेला पगार

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेडच्या एमआयडीसीतले समस्त मालक लोक, प्लांट हेड, एचआरचे साहेब अन् मॅडम, आणि तुमच्या संघटनांचे पदाधिकारी, सगळ्यांना रामराम.

मी तुमच्यातल्याच एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, आहे, एकोणतीस वर्षं झाली या लाईनीत. नाव टाकत नाही, कारण रिटायरमेंटला अजून टाईम आहे अन् पोरीचं लग्न बाकी आहे. पत्रंबित्रं लिहायची सवय नाही, त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

ह्या दिवाळीला बहिणीकडं अंबड तालुक्यात गेलो होतो. भाचा पण आलेला. दहावी झाली अन् पोरगं अप्रेंटिसला लागलं, आठ महिने झालेत, कॉन्ट्रॅक्टवर ट्रेड लिहिलाय मशिनिस्ट. घरात सगळे खुश, पोरगं कंपनीत लागलं असंच सगळे धरून चाललेत, बहिणीनं गावात पेढे पण वाटलेले. जेवणं झाली, ओट्यावर बसलो अन् मी सहज विचारलं, काय रे, तुमच्याकडच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट किती आहे? म्हणजे बारीक माप घ्यायच्या त्या साधनावर सगळ्यात लहान माप किती मोजता येतं, एवढंच. तो म्हणला, मामा, व्हर्निअर कपाटात असतं. म्हणलं बरं, मग कधी काढून बघितलं असशील की. तर म्हणतो कपाटाची चावी साहेबाकडं असती.

मग दिवसभर करतोस काय बाबा? तर क्रेटमधी पार्ट लावतो, स्टिकर मारतो, गाडी लागली की लोडिंगला जातो, कुणी हेल्पर नाही आला तर त्याच्या जागी उभा राहतो. बेसिक ट्रेनिंग झालं का विचारलं तर हो म्हणला, झालं की, तीन दिवस झालं. पहिल्या दिवशी सेफ्टीचा व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी मॅडमनी कंपनीची माहिती सांगितली, तिसऱ्या दिवशी टी-शर्ट दिले अन् फोटो काढला. थिअरीचा क्लास? ते काय असतं मामा.

कंपनीचं नाव मी टाकत नाही अन् टाकून उपयोग पण नाही, कारण गेल्या पाच-सात वर्षांत अशी कितीतरी पोरं माझ्या डोळ्यांसमोरून गेलीत, वेगवेगळ्या गेटमधली. म्हणून हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना.

आता अप्रेंटिस म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे सूर्यापुढं काजवा, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते फक्त एक पोर्टल अन् एक टक्केवारी म्हणूनच माहीत आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. कायदा १९६१ चा आहे. ज्याच्याकडं ३० किंवा जास्त माणसं आहेत त्याला एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक आहे. स्टायपेंड २०१९ च्या नियमात ठरवून दिलाय, पाचवी ते नववीवाल्याला महिन्याला किमान ५०००, दहावीला ६०००, बारावी अन् आयटीआयला ७०००, डिप्लोमाला ८०००, डिग्रीला ९०००, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ अन् तिसऱ्या वर्षी १५. मे २०२५ मध्ये केंद्राच्या अप्रेंटिसशिप परिषदेनं ह्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे खालच्या ५००० चे ६८०० व्हावेत म्हणून. शिवाय २०१६ च्या योजनेतून स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १५००, सरकार भरतं, आता तो थेट पोराच्या खात्यावर जातो. अन् ह्या पोराचा पीएफ नाही, ईएसआय नाही, कारण कायद्यानं तो कामगारच नाही, तो ट्रेनी आहे.

तर माझा साधा हिशोब बघा. गेटवरच्या कॉन्ट्रॅक्टरकडून आलेला हेल्पर ह्या पोरापेक्षा जास्त पैसे घेऊन जातो, त्याचा पीएफ वेगळा. मग शिकाऊ पोरगं इतकं स्वस्त का ठेवलंय कायद्यानं? तुमच्यावर मेहेरबानी म्हणून? नाही ना. ते स्वस्त आहे कारण पगाराचा अर्धा भाग तुम्ही रोख देत नाही, तो शिकवून द्यायचा असतो. कुणीतरी मशीनजवळ उभं राहून दाखवायचं, चुकलं तर रागवायचं, जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, बिघडला तर तो रिजेक्शनमधी धरायचा, आठवड्यातून वर्गात बसवायचं, वरून परीक्षेला बसवायचं. हे सगळं मिळून पगार होतो. तुम्ही ६००० टाकून मोकळे होता अन् उरलेलं देतच नाही, म्हणजे माझ्या भाषेत हा पगार बुडवणंच झालं, दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

अन् हे मीच म्हणतो असं नाही. त्याच कायद्याचं कलम ३० उघडून बघा, शिकाऊ उमेदवाराला त्याच्या ट्रेनिंगशी संबंध नसलेल्या कामाला लावणं, मंजुरीशिवाय ओव्हरटाईम करून घेणं, पीस रेटवर, म्हणजे नगामागं, पैसे देणं, हे सगळं गुन्ह्यात लिहिलंय. २०१४ च्या आधी तर सहा महिन्यांपर्यंत कैद होती ह्याला. २०१४ च्या दुरुस्तीनं कैद काढली अन् दरवेळचा १००० रुपये दंड ठेवला. हजार रुपये! तुमच्या कॉन्फरन्स रूममधल्या काजूच्या प्लेटांचा खर्च त्याच्यापेक्षा जास्त असेल. कैद काढली त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण कुणी मालक ह्यासाठी आत गेलेला मी तरी ऐकला नाही, पण दंड इतका कमी ठेवल्यावर कायदा तुमच्या भरवशावरच सोडल्यासारखा झाला ना. म्हणून तर तुम्हालाच लिहायलोय, इन्स्पेक्टरला नाही.

आता माझंच सांगतो. १९९६ ला आयटीआय फिटर करून चिकलठाण्यात अप्रेंटिसला लागलो. आमचे उस्ताद म्हणजे एक नंबर खडूस माणूस. पहिला महिना त्यांनी मला एकच काम दिलं, एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, एक तुकडा अन् हातात कानस, घास म्हणले. घासायचं, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडं धरायचं, फटीतून उजेड दिसला की परत घास. हाताला फोड आले. मला वाटायचं हा माणूस माझ्यावर कसला डूख धरून बसलाय. सोबतचा एक जण तर पंधरा दिवसांत पळून गेला, रिक्षा घेतली त्यानं, आज त्याच्या तीन रिक्षा आहेत अन् तो माझ्यापेक्षा बरा कमावतो ही गोष्ट वेगळी.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. शॉपमधी आम्ही एम १० चे थ्रेड, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोकात आटे, पाडायचो. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, आत घालायच्या आधी साडेआठची ड्रिल मारायची, सगळेच मारायचे. मी एकाला विचारलं साडेआठच का, तो म्हणला कारण साडेआठच. दुसऱ्याला विचारलं, तो म्हणला तुला काय करायचंय, बोर्डावर लिहिलंय. माणसं पंधरा-पंधरा वर्षं मारत होती ती ड्रिल. मग आठवड्यातला आमचा वर्गाचा दिवस आला, सायकल हाणत बीटीआरआय सेंटरला, म्हणजे अप्रेंटिसांच्या थिअरीच्या सरकारी केंद्राला, जायचो, अन् तिथं सरांनी फळ्यावर काढून दाखवलं की एम १० चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड, १० मधून दीड गेला की राहिले साडेआठ. एवढंच. दोन मिनिटाचं काम. पण त्या दिवशी डोक्यात जी ट्यूब पेटली ती आजपर्यंत विझली नाही. पुढच्या महिन्यात एम १२ चा जॉब आला, बोर्डावर त्याचं काही लिहिलेलं नव्हतं, सगळे एकमेकांकडं बघायलेत, अन् मी मागून म्हणलं पिच पावणेदोन आहे, सव्वादहा येतंय, १०.२ ची ड्रिल काढा. उस्तादांनी माझ्याकडं बघितलं अन् काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मला लेथवर घेतलं.

नुसतं शॉपमधी राहिलो असतो तर साडेआठचा गुलाम झालो असतो. नुसतं वर्गात बसलो असतो तर वजाबाकी पाठ झाली असती पण टॅप आत तुटताना हाताला जो करकर आवाज लागतो तो कळला नसता. दोन्ही एकाच आठवड्यात पाहिजे, तेव्हा कुठं पोरगं तयार होतं. तुम्ही त्यातला वर्गाचा दिवस प्रॉडक्शन लॉस म्हणून कापता, अन् शॉपमधलं शिकणं म्हणजे क्रेट भरणं. मग उरलं काय?

आमच्याकडं दहावी-बारावी झालेल्या पोरांपुढं काय काय असतं ते तुम्हाला माहीत असेल पण तरी सांगतो, कारण तुमचे एचआर हेड बहुतेक पुण्याहून येतात. एक पोलीस भरती, पहाटे चारला रोडनं पळणारी पोरं दिसतात ती. दुसरं अभ्यासिका, महिन्याची फी भरून खुर्ची घ्यायची अन् तीस वर्षांचा होईपर्यंत बसायचं. तिसरं पुण्याकडचं चाकण-रांजणगाव, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. चौथं बीडकडच्या पोरांना बापाबरोबर कोयता. कॉलेज आहेच, पण फी भरायला कापूस किती भावानं गेला ते बघावं लागतं. ह्या सगळ्यात शिकता शिकता पैसे देणारी, वरून सरकारी सर्टिफिकेट देणारी एकच गोष्ट आहे ती म्हणजे अप्रेंटिस. बापाला पैसे मागायचे नाहीत, उलट महिन्याला हजार-पाचशे घरी पाठवता येतात. हे किती मोठं आहे ते ज्याच्या घरी फीसाठी म्हैस विकली त्यालाच कळतं. माझ्या भाच्याचे इथल्याच, वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत चौघांत एक खोली अन् मेस मिळून साडेचार हजार जातात, तरी तो खुश आहे, कारण त्याला वाटतंय आपण मशिनिस्ट होणार आहोत. पोरींचं तर अजून अवघड, घरचे पाठवायला तयार झाले तरी सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटपासून खोलीपर्यंत यायचं कसं, ह्याचं उत्तर तुमच्यातल्या फार थोड्यांकडं आहे.

अजून एक, त्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणाशी ह्याची गल्लत करू नका, आमच्याकडं त्याला लाडका भाऊ म्हणतात. २०२४ ला ती आली, बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, डिग्रीला १००००, आधी सहा महिने होते मग पाच वाढवले. तिथं ट्रेड टेस्ट नसते. अप्रेंटिसला असते, अखिल भारतीय परीक्षा आहे ती, पास झाला की देशभर चालणारं सर्टिफिकेट. अन् ह्याच परीक्षेत आपली पोरं आपटतात, थिअरीत, ड्रॉईंगमधी, कारण वर्षभर त्यांना कुणी वर्गात बसवलेलंच नसतं. मग तुम्हीच म्हणणार, बघा, पोरांची क्वालिटीच नाही.

सेफ्टीचं बोलायचं नव्हतं पण राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रेस शॉपमधी एका शिकाऊ पोराच्या बोटाचं टोक गेलं. त्या प्रेसला दोन हातांचं बटन होतं, दोन्ही हात बटनावर असल्याशिवाय स्ट्रोक मारत नाही असं, म्हणजे हात आत जाऊच नये म्हणून. त्यातलं एक बटन तारेनं बांधून ठेवलेलं, स्पीड मिळावा म्हणून. पोराला कुणी सांगितलंच नव्हतं ती तार का वाईट आहे, त्याला वाटलं मशीनच अशी येती. वरून त्याच्या बापाला ऐकवलं की तुमचा मुलगा कामगार नाही, त्याला काही मिळणार नाही. साफ खोटं. कामगार नसला तरी तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधलं आरोग्य, सुरक्षितता अन् कल्याण त्याला लागू होतं, अन् काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाई मालकालाच द्यावी लागते, अप्रेंटिस कायद्यातच आहे, कलम १४ अन् १६. बापाला काय माहीत कलम, तो शेतकरी माणूस, त्यानं अंगठा दिला अन् पोराला घेऊन गेला.

तुमची बाजू मला माहीत नाही असं समजू नका, एकोणतीस वर्षं तुमच्यातच आहे. तुम्ही म्हणता शिकवलं की पोरगं पळतं, शेजारचा दोन हजार जास्त देतो अन् घेऊन जातो. खरं आहे, पळतात. पण साहेब, शेजाऱ्याकडून तुम्ही पण आणताच की माणूस. सगळ्यांनी शिकवलं तर पळून पळून शेवटी वाळूजमधीच राहतील ना. अन् पळायचं कारण बघितलं तर वर्ष संपलं की तुम्ही त्याला कायम करत नाही, परत नवीन शिकाऊ घेता. कायदा म्हणतो नोकरी देणं बंधनकारक नाही, पण भरतीचं धोरण मालकानं ठरवावं असंही म्हणतो. तुमच्यातल्या किती जणांनी ते कागदावर आणलंय?

दुसरं म्हणता पोरं मोबाईलमधीच असतात, लक्ष नसतं. असतात. क्रेट भरायला लावल्यावर मी पण मोबाईलच बघितला असता.

तिसरं, बारा-पंधरा माणसांचं वर्कशॉप असलेले म्हणतात आम्ही क्लास कुठून चालवायचा, मीच मालक, मीच सेटर, मीच डिलिव्हरीला जातो. हे मात्र मला पटतं, शंभर टक्के पटतं. पण ह्याच्यावर उपाय एकट्यानं करायचाच नाहीये. मराठवाड्यातल्या कारखानदारांच्या संघटना आहेत, मसिआ आहे, सीएमआयए आहे, जालन्यात स्टीलवाल्यांची एकी आहे, लातूरला डाळमिलवाल्यांची आहे. जर्मनीत पोरगं आठवड्यात तीन-चार दिवस कंपनीत अन् एक-दोन दिवस शाळेत असतं, अन् त्याचं कॉन्ट्रॅक्ट नोंदवणं, परीक्षा घेणं हे तिथलं चेंबर करतं, म्हणजे कारखानदारांचीच संस्था. सरकारवर ढकलून मोकळे होत नाहीत ते. आपल्याकडं चिकलठाण्यात इंडो जर्मन टूल रूम इतकी वर्षं उभी आहे, नावातच जर्मन आहे, तिथलं टूल अँड डायचं पोरगं कुठंही अडत नाही हे तुम्ही स्वतःच एकमेकांना सांगता. मग दहा छोट्या वर्कशॉपवाल्यांनी मिळून एक रिटायर झालेला फिटर पगारावर ठेवला, संघटनेच्या हॉलमधी आठवड्यातून एक दिवस फळा लावला, तर काय बिघडतं? हॉल तर तुमचा वर्षातले बरेच दिवस सत्कारासाठीच उघडतो. असा माणूस लागला तर रिटायर झाल्यावर मी पण मोकळाच आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मोठ्या लोकांकडून तर मागणं अजूनच छोटं आहे. तुमच्याकडं ट्रेनिंग रूम आहे, प्रोजेक्टर आहे, ऑडिटच्या दिवशी दाखवायला शिकाऊ पोरांच्या फाईली पण आहेत, अन् त्या फाईलींमधी काय लिहिलेलं असतं ते मला माहीत आहे कारण माझ्याकडून सह्या घेतल्यात. मिलिंग, चार आठवडे, समाधानकारक. मी सही केली, अन् ते पोरगं त्या चार आठवड्यांत मिलिंगच्या बाजूनं फक्त ट्रॉली घेऊन गेलेलं. त्या सहीची मला लाज वाटते, तुम्हाला एकट्याला दोष देऊन मी साळसूद होत नाही. ह्या वर्षीपासून मी खोटी सही करणार नाही असं आमच्या साहेबांना सांगितलंय, ते म्हणले बघू. त्यांचं बघू म्हणजे काय असतं ते आम्हाला माहीत आहे, पण नाही पण म्हणले नाहीत.

भाच्याला मी दिवाळीतच माझं जुनं व्हर्निअर देऊन टाकलं, त्याच्यावर ओट्यावरच लीस्ट काउंट काढायला शिकवला, मेन स्केलचा एक भाग, व्हर्निअरचे पन्नास, आलं ०.०२ मिलिमीटर. अर्ध्या तासात शिकला. बहिणीच्या बांगडीचा बाहेरचा व्यास काढला, मग लोट्याचा, मग दाराच्या कडीचा, रात्री अकरापर्यंत घरभर मापं घेत फिरत होता. असल्या पोराला तुम्ही आठ महिने स्टिकर मारायला लावलंय.

कामावर मात्र ते व्हर्निअर नेता येत नाही म्हणे, गेटवर सिक्युरिटी अडवते, बाहेरचं मेजरिंग इन्स्ट्रुमेंट आत चालत नाही, कॅलिब्रेशनचा, म्हणजे माप बरोबर दाखवतं का ते तपासल्याचा, स्टिकर लागतो. नियम बरोबर आहे, मी टूलरूमवालाच आहे, मी पण अडवलं असतं. म्हणून एवढंच करा, त्या कपाटाची एक जास्तीची चावी बनवून घ्या अन् शॉपमधी खिळ्याला लटकवून ठेवा. बजाजनगरच्या मार्केटात पन्नास रुपयात करून देतो.

तुमचाच,
टूलरूममधला एक जण, वाळूज